दोन नर ससे वयात येताना: जाळी भांडणाच्या आधी लावा

तुमचे दोघं साडेतीन महिन्यांचे, एकाच वेतातले. आणल्यापासून एकमेकांना टेकून झोपायचे, एकाच वाटीत खायचे. गेल्या आठवड्यापासून पांढरा करड्याभोवती गोल फिरतो, त्याच्यावर चढतो, सकाळी पिंजऱ्यात केसांचे पुंजके सापडतात आणि भिंतीवर शूचे शिंतोडे दिसतात. एकाला कुणाला तरी देऊन टाकावं का, असं तुम्ही विचारलंय. देऊ नका. मात्र आज रात्री त्यांना एका पिंजऱ्यात झोपवू नका, मध्ये जाळी लावा.

मी बरीच वर्षं लोकांनी सोडून दिलेले ससे सांभाळते. नर ससे सोडण्याचं कारण विचारलं की पुष्कळदा एकच उत्तर मिळतं: आधी फार गोड होते, अचानक एकमेकांच्या जिवावर उठले. अचानक काही होत नाही. दोन-तीन आठवडे आधीपासून खुणा दिसत असतात, पण घरातल्यांना वाटतं खेळतायत, किंवा भाऊच आहेत, मिटवतील आपापसात. ससे मिटवत नाहीत. एकमेकांशी झालेली खरी मारामारी त्यांच्या पक्की लक्षात राहते. जाळीपलीकडे दोन महिने राहिलेले भाऊ पुन्हा एकत्र येतात, हे मी अनेकदा पाहिलंय. रक्त निघेपर्यंत भांडलेले भाऊ एकत्र येतीलच, असं मी कुणालाही सांगू शकत नाही. म्हणून वेगळं करायचं ते पहिल्या मारामारीच्या आधी. बाकी सगळं त्यानंतर.

आता हे का होतं ते सांगते, कारण ते कळलं की सशावर राग धरावासा वाटत नाही. नर पिल्लाचे वृषण साधारण १० ते १२ आठवड्यांत खाली उतरतात. लहान चणीचे ससे साडेतीन-चार महिन्यांत वयात येतात, मध्यम चणीचे चार-साडेचार महिन्यांत, मोठ्या चणीचे पाच-सहाच्या पुढे. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या सशांची जात खात्रीने सांगता येत नाही आणि दुकानदाराने सांगितलेलं वयही बरोबर असेलच असं नाही. त्यामुळे अंदाजाने तीन महिने पूर्ण झाले की मी सावध होते.

पाळीव ससा हा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या रानसशाचा वंशज. तो जमिनीत बिळं करून कळपाने राहतो आणि कळपातल्या नरांमध्ये वरचढ कोण हे ठरलेलं असतं. वयात आलेले तरुण नर पुष्कळदा आपलं जन्माचं बीळ सोडून दुसरीकडे निघून जातात. जो हरतो त्याला पळून जायला माळरान मोकळं असतं. तुमच्या घरी हरलेल्याला जायला दोन फुटांचा पिंजरा आहे. तो दबला, मागे सरला, कोपऱ्यात गेला, तरी जिंकणाऱ्याच्या दृष्टीने तो अजून त्याच्याच हद्दीत असतो. मारामारी थांबवण्याचा जो मार्ग निसर्गात आहे तोच आपण बंद केलेला असतो. (आपल्या शिवारात दिसणारा ससा वेगळा. तो बहुतेक एकटा राहतो, बीळ करत नाही, आणि तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. शेतात सापडलेलं त्याचं पिल्लू घरी आणू नका. आई दिवसभर त्याच्यापासून लांब असते, याचा अर्थ तिने त्याला टाकलंय असा नसतो.)

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या: ते खरंच दोघं नर आहेत ना? "दोन्ही नर आहेत" असं सांगून विकलेल्या जोडीत एक मादी निघणं ही नेहमीची गोष्ट आहे, कारण दोन महिन्यांच्या आत नर-मादी ओळखणं अवघड असतं. सशाला मांडीवर घ्या, पाठीला आणि मागच्या पायांना नीट आधार द्या, आणि गुदद्वाराच्या पुढचा भाग दोन बोटांनी हलकेच ताणून पाहा. नराचा भाग नळीसारखा बाहेर येतो आणि टोकाला गोल छिद्र दिसतं, मादीत उभी चीर दिसते. साडेतीन महिन्यांच्या नराला दोन्ही बाजूंना लांबट, केस नसलेल्या पिशव्याही दिसायला हव्यात. ससा घाबरला की वृषण आत ओढून घेऊ शकतो, म्हणून पिशव्या दिसल्या नाहीत एवढ्यावरून मादी ठरवू नका. खात्री वाटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. एक जरी मादी निघाली तरी ताबडतोब वेगळे करा. सशाचा गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा असतो आणि व्यायल्यावर काही तासांत मादी पुन्हा गाभण राहू शकते.

दोघं नर असतील तर आता त्यांचं वागणं वाचायला शिका. ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि त्यासाठी त्यांच्याजवळ जमिनीवर बसायला हवं.

वर चढणं हे नेहमीच कामवासनेचं लक्षण नसतं. मी मोठा, तू धाकटा, हे सांगायची ती पद्धत आहे. खालचा ससा अंग चोरून, डोकं जमिनीला लावून शांत राहिला तर एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. तो सारखा निसटून पळत असेल, किंचाळत असेल, खाणं सोडून कोपऱ्यात बसत असेल, तर तो त्रास आहे. सगळ्यात धोक्याचा प्रकार म्हणजे एखादा ससा उलट्या बाजूने, दुसऱ्याच्या तोंडावर चढतो तो. खालच्याने दात लावले तर थेट लिंगाला किंवा वृषणाला चावा बसतो. असं चढताना दिसलं की लगेच, न चिडता, हाताने बाजूला वळवा. इथे वाट पाहायची नाही.

वस्तूंवर हनुवटी घासून आपला वास सोडणं, हुं-हुं असा आवाज काढत पायाभोवती फिरणं, इकडेतिकडे लेंड्या टाकणं, शू उडवणं ही वयात आल्याची लक्षणं आहेत. त्रासदायक असली तरी ती मारामारी नव्हे. मला भीती वाटते ती पुढच्या खुणांची. कान मागे घट्ट चिकटलेले आणि शेपूट ताठ वर. गुरगुर करून पुढच्या पायांनी झडप. आणि दोघं एकमेकांच्या शेपटीमागे, नाक शेपटीला लागेल इतक्या जवळून, वेगाने गोल फिरायला लागणं. हे शेवटचं दिसलं की तुमच्या हातात काही क्षणच असतात. त्यानंतर ते एकमेकांना पोटाशी धरून लोळतात, मागच्या पायांच्या नखांनी पोट फाडतात आणि दात लावतात. सशाची कातडी फार पातळ असते. त्या गोळ्यात उघडा हात घालू नका. जाड टॉवेल वर टाका, मध्ये मोठी सुपली किंवा पुठ्ठा सरकवा, हातात जाड मोजे असू द्या.

तुम्ही लिहिलेल्या खुणांमध्ये गोल फिरणं आणि केसांचे पुंजके दोन्ही आहेत. म्हणजे गोष्ट पुष्कळ पुढे गेली आहे. आजच दोघांना उजेडात घेऊन तपासा: पोटाखाली, मांड्यांच्या आत, लिंगाजवळ, कानांच्या कडा, पापण्या. केसांखाली छोटी खपली जरी सापडली तरी ती जागा लक्षात ठेवा. मिठाच्या निर्जंतुक पाण्याने पुसा. हळद-तेल लावू नका, ते चाटून पोटात जातं आणि जखमही दिसेनाशी होते. चाव्याच्या जागी आठवड्याभराने गाठ आली तर ती गळू असते. सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो, तो आपोआप वाहून जात नाही, डॉक्टरांनाच काढावा लागतो. आणि घरात उरलेली अमोक्सिसिलिनची गोळी किंवा सिरप कुणीही सांगितलं तरी देऊ नका. तोंडावाटे दिलेल्या पेनिसिलिन गटाच्या औषधाने सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो.

जाळी कशी लावायची तेही नीट पाहा. एकच जाळी पुरत नाही. तिच्यातून नाकाला, ओठांना, पायाच्या बोटांना चावे बसतात, आणि ते चावे वाईट असतात. दोन जाळ्या लावा, मध्ये चार बोटांचं अंतर ठेवा. एकमेकांना पाहता, हुंगता आलं पाहिजे, दात पोहोचता कामा नये. उंची किमान तीन फूट, त्याहून कमी असेल तर वयात आलेला नर सहज उडी मारतो. त्यांची जेवणाची जागा आणि गवताचा ढीग जाळीलगत ठेवा, म्हणजे समोरासमोर खाण्याची सवय टिकते. दर एक-दोन दिवसांनी दोघांची बाजू बदला, किंवा शूचे ट्रे आणि अंथरूण अदलाबदल करा. असं केलं की दोघांच्या वासाची हद्द वेगळी पडत नाही.

जागेबद्दल: ब्रिटनमधली सशांच्या कल्याणासाठी काम करणारी मोठी संस्था दोन सशांसाठी ३ मीटर बाय २ मीटर आणि १ मीटर उंच अशी, दिवसरात्र वापरायला मिळणारी जागा सुचवते. मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये हे ऐकून लोक हसतात. पण बैठकीच्या खोलीचा एक कोपरा पॅनल लावून अडवला, तर दुकानातल्या पिंजऱ्याच्या कित्येक पट जागा मिळते, आणि संध्याकाळी त्यांना पाळीपाळीने खोलीत मोकळं सोडता येतं. तो छोटा पिंजरा काढून टाका. नरांची निम्मी भांडणं तो पिंजराच लावतो, असं माझं ठाम मत आहे.

यानंतरची पायरी म्हणजे वृषण काढण्याचं ऑपरेशन, दोघांचंही. फक्त दांडगाई करणाऱ्याचं करून भागत नाही. दुसऱ्यात संप्रेरकं तशीच राहतात आणि भूमिका उलटू शकतात. वृषण खाली उतरले आणि प्रकृती ठीक असली की ऑपरेशन करता येतं. नेमकं कधी, हे वजन पाहून डॉक्टर ठरवतील. ज्यांची पिल्लं अजून दहा-अकरा आठवड्यांची आहेत आणि भांडण सुरू झालेलं नाही, त्यांनी आत्ताच डॉक्टरांशी बोलून ठेवावं. लवकर ऑपरेशन झालेले भाऊ पुष्कळदा वेगळे न होताच हा काळ पार करतात.

डॉक्टर निवडताना संकोच न करता प्रश्न विचारा. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर असतात, पण सशाचा अनुभव वेगळा लागतो. तुम्ही सशांची ऑपरेशनं नियमित करता का? भूल गॅसने देता का? वेदनाशामक किती दिवस देता? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं का? याचं उत्तर "हो" आलं तर मी दुसरे डॉक्टर शोधते. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे कुत्र्यासारखं त्याला उपाशी ठेवण्याचं कारण नाही. उलट आतडं थांबलं की त्याच्या जिवाला धोका असतो. सशाच्या वृषणांची वाट पोटाच्या पोकळीपर्यंत आयुष्यभर उघडी राहते, म्हणून ती बंद करण्याची पद्धत डॉक्टरांना माहीत असणं गरजेचं आहे. नाहीतर आतडं त्या वाटेने खाली सरकू शकतं. परळ, शिरवळ आणि नागपूर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळपास कुणी सापडत नसेल तर तिथे चौकशी करा, सशांवर हात बसलेलं कोण आहे ते कळू शकेल.

घरी आणल्यावर त्याच संध्याकाळी त्याने काहीतरी खाल्लं पाहिजे. कोथिंबीर, ओलं गवत, जे त्याला सगळ्यात आवडतं ते पुढे करा. दहा-बारा तास खाणं नाही आणि लेंड्याही नाहीत, असं झालं तर सकाळची वाट पाहू नका, डॉक्टरांना फोन करा. आठवडाभर भुसा नको, स्वच्छ सुती कापड अंथरा.

आणि मग थांबायचं. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी ससा शांत होतो, असं नाही. रक्तातली संप्रेरकं ओसरायला चार ते सहा आठवडे लागतात, काहींना आठ. या काळात नर मादीला गाभणही करू शकतो. दोघं जाळीजवळ येऊन आडवे होतात, तुम्हाला वाटतं झालं, आता सोडून बघू. सोडू नका. सहा आठवडे पूर्ण होऊ द्या. जाळीजवळ गुरगुर थांबली, शू उडवणं कमी झालं, दोघं आपापल्या बाजूने पाठ टेकून निवांत पडायला लागले, की पुढच्या पायरीचा विचार करा.

हवामानही पाहा. ससा थंडी सोसतो, उकाडा सोसत नाही. तापमान ३० अंशांच्या आसपास गेलं की त्याला त्रास सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत एकत्र आणण्याचा प्रयत्न करू नका, तणाव आणि उष्णता मिळून ससा कोसळू शकतो. फटाक्यांच्या दिवसांतही नको. पावसाळ्यानंतरचे, थंडीचे दिवस उत्तम.

एकत्र आणायची जागा दोघांपैकी कुणाचीच नसावी. जिथे एकानेही कधी हनुवटी घासलेली नाही अशी. शेजाऱ्यांची खोली, गच्चीचा जिना संपतो तिथला बंद चौक, नाहीतर घरातलीच पण त्यांनी न पाहिलेली खोली. फरशी पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसा, आणि वर जुनी सतरंजी घाला, घसरणाऱ्या पायांनी ससा घाबरतो आणि घाबरलेला ससा चावतो. मध्ये गवताचे दोन ढीग, दोन वाट्या पाणी, दोन नवे शूचे ट्रे. लपायला पुठ्ठ्याचे खोके ठेवा, पण प्रत्येकाला दोन दारं कापा. एकाच दाराच्या खोक्यात पळून गेलेला ससा अडकतो.

पहिला दिवस १०-१५ मिनिटांचा पुरे. तुम्ही जमिनीवर बसा, हातात मोजे असू द्या. एकमेकांकडे दुर्लक्ष करून गवत खाणं, अंग चाटत बसणं, हे फार चांगलं चिन्ह आहे. लोकांना ते कंटाळवाणं वाटतं, मला ते पाहून हायसं वाटतं. थोडा पाठलाग, थोडं चढणं, एखादा केसांचा पुंजका चालेल. अर्धा मिनिट चढून झालं की हळूच बाजूला करा. दोघं जवळ असताना दोघांच्या कपाळावरून एकदम हात फिरवा, दोघांना वाटतं दुसराच आपल्याला चाटतोय. आणि शांत असतानाच थांबवा, भांडण सुरू झाल्यावर नव्हे. दुसऱ्या दिवशी वेळ थोडी वाढवा. गाडीत घालून फिरवणं, व्हॅक्युम क्लीनर लावणं, अशा घाबरवून एकत्र आणायच्या युक्त्या सांगितल्या जातात. मला त्या मान्य नाहीत. भीतीने एकमेकांना चिकटलेले ससे मित्र झालेले नसतात, आणि भीती सरली की तेच पुन्हा झडप घालतात.

दबलेला ससा दांडग्यापुढे डोकं खाली घालतो, म्हणजे "मला चाट" असं सांगतो. दांडग्याने एकदा जरी त्याचं कपाळ चाटलं, की निम्मं काम झालं. कधी दोघंही डोकं खाली घालून बसून राहतात, कुणीच चाटत नाही, शेवटी एकजण चिडून चिमटा काढतो. अशा वेळी एकाच्या कपाळावर पिकलेल्या केळ्याचा जरासा गर लावते. बहुतेक वेळा उपयोग होतो.

रात्र एकत्र काढू द्यायची ती सलग दोन दिवस तुमच्या नजरेखाली पाठलाग, गुरगुर न होता गेल्यावर, आणि तीही त्याच तटस्थ जागेत. मग त्यांची जुनी जागा नीट धुऊन, सामान नव्याने मांडून त्यांना दोघांना मिळून आत सोडा. जागा सुरुवातीला लहान, मग हळूहळू मोठी. कुणाला हे आठवड्यात जमतं, कुणाला दोन महिने लागतात. पहिल्या वर्षभरात अधूनमधून कुरबुर होते, त्याने लगेच निराश होऊ नका.

शांतता व्हावी म्हणून मादी आणू नका. दोन नरांमध्ये मादीचा वास आला की टिकलेली जोडीही मोडते. अंगावरचे वासही जपा. तुम्ही दुसऱ्याच्या सशांना हात लावून आलात तर हात धुऊन, कपडे बदलून यांच्याजवळ जा.

ऑपरेशन शक्य नसेल, किंवा सगळं करूनही जमलं नाही, तर दोघांना कायमचे जाळीचे शेजारी म्हणून ठेवा. ही हार समजू नका. जाळीपलीकडच्या सोबत्याच्या शेजारी झोपणारे, एका वेळी समोरासमोर गवत खाणारे ससे एकट्या सशापेक्षा नक्कीच निवांत असतात. फक्त पाळीपाळीने मोकळं सोडताना दुसऱ्याचं दार पक्कं लावलंय ना, हे घरातल्या प्रत्येकाने पाहायला हवं. "पाच मिनिटांनी काय होतंय" म्हणत लहान मुलं दोघांना एकत्र सोडतात, तेव्हाच सगळ्यात वाईट जखमा होतात.

आणि जोडी जमली, तर पुढे एकाला दवाखान्यात न्यायचं झालं तरी दोघांना एकाच टोपलीतून न्या. एकटा गेलेला ससा स्पिरिटचा, दुसऱ्या जनावरांचा वास घेऊन परततो, आणि घरी राहिलेला त्याला परका समजून अंगावर धावतो. एकाला तिथे रात्रभर ठेवावं लागलं, तर परत आणल्यावर थेट सोडू नका. आधी अंथरुणांची अदलाबदल, मग एक-दोन दिवस जाळी, मग त्याच तटस्थ खोलीत पुन्हा भेट.